टँकरची पाळी आणि मोनिकाचे दोन सेकंद

मोनिका,

महासंघाच्या स्मरणिकेत ‘आपल्या वसाहतीतील एक व्यक्ती’ असं सदर काढायचं ठरलं आणि त्यात तुझ्यावर मी लिहावं असा ठराव झाला. ठराव करताना मला कुणी विचारलं नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईकडं वेळच वेळ असतो अशी लोकांची समजूत आहे. तुला फोन केला तर तू म्हणालीस, “लिहा काकू, पण माझं लई कौतुक करू नका.” कौतुक किती करायचं ते मी ठरवीन. तू एवढंच कर, छापून आल्यावर मला दुरुस्त्या पाठवू नकोस. संगणकातलं माझं काही चुकलं असेल, तर ते तू नीट समजावलं नव्हतंस असं मी धरून चालते.

आणखी एक. या लेखात ‘गरुडझेप’ हा शब्द येणार नाही. तुझ्या सत्काराला तो चार वक्त्यांनी वापरला आणि पाचव्यानं बॅनरवर वाचून पुन्हा म्हटला. आता तू जरा बाजूला बस. तू कोण, हे वाचणाऱ्यांना सांगू दे.

मोनिका सांडू गायके. गाव गंगापूर तालुक्यातलं, गोदावरीच्या बाजूचं. म्हणजे नकाशात नदीकाठचं आणि मार्चपासून टँकरचं. वडील सांडू हे कपाशी आणि थोडा ऊस करणारे, अबोल गृहस्थ. आई मनकर्णाबाई मात्र बोलणारी, आणि तिच्या बोलण्याला गावात वजन होतं, कारण टँकर आला की रांग तिच्या ताब्यात असे. तिला कुणी नेमलेलं नव्हतं. पण ती नसली की मारामारी होई, असली की होत नसे, त्यामुळं नेमणुकीचा प्रश्नच कुणी काढला नाही.

तिची रीत अशी. प्रत्येकीनं आपला हंडा रांगेत ठेवायचा आणि आपापल्या कामाला जायचं. हंडा म्हणजे माणूस. पाणी सुरू झालं आणि हंड्याची मालकीण जागेवर नसली, तर मनकर्णाबाई एक हाक मारी. हाकेला उत्तर आलं नाही, तर हंडा बाजूला सरकवी आणि पुढचीला भरू देई. बाजूला सरकवलेला हंडा रांगेतच धरला जाई, मालकीण धापा टाकत आली की लगेच तिची पाळी. हंडा उपडा फक्त एकाच वेळी करायचा, घराला कुलूप लावून ते लोक गाव सोडून गेलेत असं नक्की कळलं तर. उपडा हंडा म्हणजे नाव कटलं. नुसतं उत्तर आलं नाही म्हणून कुणाचा हंडा उपडा केला, तर मनकर्णाबाई त्या बाईचं जे काही करी ते मी इथं लिहीत नाही.

या घरातून मोनिका शहरात आली, आधी तंत्रनिकेतनात, मग अभियांत्रिकीला, आणि शिकून झाल्यावर माझ्या वरच्या खोलीत राहायला. मी गणिताची प्राध्यापिका म्हणून निवृत्त झाले, नवरा गेलेला, मुलगा परदेशात. खोली भाड्यानं द्यायची होती. खोली बघायला येणाऱ्या मुली खिडकी बघतात, कपाट उघडतात. हिनं दारातच विचारलं, “पाणी किती वाजता येतं?”

“येत नाही. टँकर येतो.”

“मग चालतंय. सवय हाय.”

आमची वसाहत बीड बायपासच्या पलीकडं. शहर त्या दहा-पंधरा वर्षांत असं वाढलं की इमारती आधी आल्या, रस्ते नंतर आले आणि पाण्याची पाइपलाइन येता येता राहिली. बिल्डरनं माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव छापला होता, नळ छापायचा तेवढा विसरला. बोअरवेल आटत गेल्या. दोन हजार पंधराचा पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. सोळाच्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या सगळ्या सोसायट्या टँकरवर होत्या, आणि टँकर कुणाला आधी मिळतो हे कुणाची ओळख किती यावर ठरत होतं. ज्याच्या अध्यक्षाचा फोन टँकरवाला पहिल्या घंटीत उचलतो, त्याचा हौद भरलेला. आमच्यासारख्या निवृत्तांच्या सोसायटीचा फोन वाजत राही.

सगळ्या सोसायट्यांनी मिळून महासंघ केला तो याच्यावर उपाय म्हणून. अध्यक्ष तात्यासाहेब. त्यांच्या घरची जमीन होती तिथंच आता अर्ध्या सोसायट्या उभ्या आहेत, त्यामुळं बोलण्यात मालकी आपोआप येते. महासंघानं मोनिकाला नोकरीवर ठेवलं आणि तिनं पाळीचा प्रोग्रॅम लिहिला. सकाळी सहाला नोंदणी उघडायची. सोसायटीनं मोबाइलवर मागणी टाकायची. प्रोग्रॅम पाळीनुसार ती त्या-त्या टँकर ठेकेदाराकडं पाठवणार, तिथून ड्रायव्हरला मेसेज. मध्ये कुणाचा काका नाही, मामा नाही. फेब्रुवारी आणि मार्च आमचे हौद वेळेवर भरले. आयुष्यात प्रथमच टँकर मला न विचारता माझ्या दारात आला.

एप्रिलमध्ये ते अडकायला लागलं.

सकाळी सहाला लोक मोबाइल घेऊन बसायचे आणि पडद्यावर ते गोल फिरणारं चक्र. फिरतंय, फिरतंय. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग सात-साडेसातपर्यंत. नऊनंतर सगळं आपोआप सुरळीत. पण नऊनंतर टँकर भरून दुसरीकडं गेलेले असत. लोक बेजार झाले आणि पुन्हा चोरून ठेकेदारांना फोन करू लागले. जिन्यात मला एकजण म्हणाले, “प्रमोदिनीताई, तुमच्या भाडेकरणीचं चक्र छान फिरतं हो. पंख्यासारखं. वारा तेवढा येत नाही.”

तात्यासाहेबांनी तिला बोलावलं. मी सोसायटीची सचिव म्हणून तिथं होतेच.

“पोरी, यंत्र बरं असतं,” ते म्हणाले. “पण यंत्राला लाज नसते. माणसाला फोन केला की माणूस लाजेखातर तरी टँकर धाडतो.”

“साहेब, लाज तुम्हाला बघून वाटते,” मोनिका म्हणाली. “आमच्या काकूंना बघून कुणाला वाटत नाय.”

हे खरं होतं, पण माझं उदाहरण घ्यायची गरज नव्हती.

तात्यासाहेब हसले नाहीत. “रविवारी सर्वसाधारण सभा आहे. तोवर चाललं तर चाललं. नाहीतर सोमवारपासून पहिल्यासारखं फोनवर. आणि मग तुझं इथं काय काम, हेही सभेलाच विचारावं लागेल.”

काय पणाला लागलं होतं ते एवढ्यात आलं. प्रोग्रॅम बंद, तर पाळी बंद, आणि पाळी बंद म्हणजे आमच्यासारख्या टोकाच्या सोसायट्यांचं पाणी बंद. मोनिकाची नोकरी त्यात आलीच, पण तिनं तिचा उल्लेख एकदाही केला नाही. ती पाळीचंच बोलत होती.

बैठक संपता संपता तात्यासाहेबांनी एक सल्लागारही आणला, हिमांशू नावाचा. कुणाचा तरी भाचा, पुण्यात मोठ्या कंपनीत काम केलेला. मुलगा वाईट नव्हता, घाईत होता. त्यानं तासाभरात दुखणं ओळखलं, आणि बरोबर ओळखलं. ते मोनिकानं मला त्या दुपारी गच्चीच्या जिन्यात बसून समजावलं, ते असं.

प्रत्येक ठेकेदाराचं इंटरनेटवर एक नाव असतं. डोमेन नाव म्हणतात. पण यंत्रांना नाव कळत नाही, आकड्यांचा पत्ता लागतो. म्हणून मागणी पाठवण्याआधी आमचा सर्व्हर एका नाव-पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला विचारतो, अमक्याचा पत्ता काय? तो पुढं आणखी कुणाला विचारतो, शेवटी त्या नावाची नोंद ज्याच्याकडं असेल तो सांगतो. एरवी हे पापणी लवायच्या आत होतं. पण ज्याच्याकडं नोंद आहे तोच गप्प बसला तर? आमचा प्रोग्रॅम वाट बघत उभा राहायचा. किती वेळ बघायची, हे त्यात लिहिलेलंच नव्हतं. आणि प्रोग्रॅमला काम करणारे हात मोजकेच. एकेक हात त्या एका गप्प नावापाशी अडकत गेला की बाकी सगळ्या सोसायट्या मागं खोळंबल्या.

“म्हणजे टँकरच्या पाइपाशी एक बाई हंडा धरून उभी, आणि टँकरवाला चावी आणायला गेलाय,” मी म्हटलं.

“व्हय. अन् तिच्या मागं गाव.”

हिमांशूनं त्याला वेळेची मर्यादा घातली. टाइमआउट. एका सेकंदात पत्ता आला नाही तर सोडून द्यायचं, पुढं जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चक्र फिरलंच नाही. नोंदणी अशी झरझर झाली की तात्यासाहेबांनी मला फोन करून सांगितलं, “बघा, शिकलेला माणूस.” मोनिकाही शिकलेलीच होती, हे मी त्यांना सांगितलं, पण फोन ठेवून झाला होता.

दुपारी आमचा हौद कोरडा. शेजारच्या सोसायटीचा कोरडा. पलीकडच्याही. पुंजारामच्या टँकरवर असलेल्या सगळ्यांचेच कोरडे. पुंजाराम हा आमचा सगळ्यात मोठा ठेकेदार, पैठण रस्त्याला त्याच्या विहिरी. तो चार वाजता महासंघाच्या कचेरीत आला तो टोपी हातात घेऊन, फेकून मारायला घेतल्यासारखी.

“मी मेलो का?” तो म्हणाला. “ड्रायव्हर सकाळपासून बिड्या फुकत बसलेत. एक मागणी नाय. अन् तुमच्या कॉम्प्युटरवर माझं नाव काढून बघितलं तर म्हणतंय, असा ठेकेदारच नाय. गावात कळलं तर लोक मातीला येतील माझ्या.”

हिमांशूचा प्रोग्रॅम एका सेकंदात उत्तर आलं नाही, की असं नावच नाही असं समजत होता. पुंजाराम यादीतून गेला, त्याच्या सोसायट्यांच्या पाळ्या तळाला गेल्या. सगळा घोळ तिथं होता. उत्तर न येणं वेगळं, आणि ‘असं नाव नाही’ हे उत्तर येणं वेगळं. मोनिका कचेरीत हे ऐकून उठून उभीच राहिली.

“तुम्ही हंडा उपडा केला,” ती हिमांशूला म्हणाली.

“काय केलं?” तो म्हणाला. त्याला कळलं नाही, आणि तात्यासाहेबांना कळलं. ते खेड्यातलेच. त्यांनी पहिल्यांदा मोनिकाकडं नीट बघितलं.

मग तिनं मुळाशी जायचं ठरवलं. पुंजारामचं नाव रोज सहा ते नऊ गप्प आणि नंतर बोलतं, हे काय गौडबंगाल आहे? मागणी घेणारं त्याचं यंत्र मुंबईत भाड्यानं घेतलेलं, ते चोवीस तास चालू. म्हणजे घर उघडं होतं, पत्ता सांगणारा तेवढा झोपलेला. मागच्या काही आठवड्यांच्या नोंदी तिनं माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या. वरण-भाताला जागा राहिली नाही. मी कुरकुर करणार तेवढ्यात ती म्हणाली, “काकू, हे बघा. आठवड्यातला एक दिवस सकाळीपण सगळं नीट. दर आठवड्याला तोच.”

“सुट्टी असेल.”

“सुट्टीच्या दिवशी कोण लवकर उठतं?” तिनं नावाची नोंदणी कुणी केली ते शोधलं. पुंजारामचा मेहुणा पुंडलिक, वैजापूर, मोटारपंपाचं दुकान. ते वाचून ती हसायला लागली. “बाजार हाय काकू. त्या दिवशी वैजापूरचा बाजार असणार.”

फोन तिनं माझ्यासमोरच लावला, आवाज मोठा करून.

“पुंडलिकराव, तुमच्या दाजींच्या नावाची नोंद कुठल्या कॉम्प्युटरवर हाय?”

“माझ्याच. दुकानातल्या. भाड्यानं कशाला घ्यायचा? रिकामाच होता.”

“रात्री चालू असतो का?”

“नाय म्याडम. दुकान वाढवताना मेन स्विच बंद करतो मी. वडलांपासूनची रीत हाय. शेजारी कापसाचं गोदाम. एक ठिणगी उडाली तर सगळी लाइन जाईल.”

“मग कॉम्प्युटर?”

“तोपण झोपतो. दिवसभर राबतो बिचारा.”

“अन् सकाळी?”

“नऊला उघडतो. आधी झाडलोट, मग दिवा, अगरबत्ती, मग मेन.”

“बाजाराच्या दिवशी?”

“त्या दिवशी पाचलाच. गिऱ्हाईक खेड्यावरनं येतं, एस. टी. पहिली पकडून.”

वरून त्यानं आणखी एक केलं होतं. दाजींचा पत्ता बाकीच्या जगानं किती वेळ लक्षात ठेवावा, या रकान्यात त्यानं फक्त एक मिनिट लिहिलं होतं. का, तर तो रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. त्यामुळं रात्री दुकान बंद झालं की मिनिटाभरात सगळं जग पुंजारामचा पत्ता विसरत होतं. एप्रिलच्या आधी तो पत्ता सांगायचं काम एका नातेवाइकाकडं होतं, भांडण झालं म्हणून पुंडलिकनं स्वतःकडं घेतलं. चक्र एप्रिलपासूनच का फिरायला लागलं, तेही कळलं.

हिमांशू खूश. “सुटलं की. त्याला सांगा, मेन चालू ठेव.”

“नाय सांगणार,” मोनिका म्हणाली.

“का?”

“त्याचं बरोबर हाय. शेजारी कापूस हाय. अन् आज पुंडलिकराव, उद्या दुसरा कुणी. कुणाची केबल उंदीर कुरतडंल, कुणाची लाइट जाईल. प्रत्येकाच्या दुकानाची चावी मी घेऊन फिरू का? आपला प्रोग्रॅम असा पाहिजे की एक गप्प झाला तर बाकीच्यांचं पाणी थांबू नये, अन् त्या गप्प माणसाचंपण थांबू नये.”

हे तिनं बोलल्यावर मला एकदम वाटलं, ही मुलगी आता हरणार नाही. म्हणजे सभेत कदाचित हरली असती, तात्यासाहेबांच्या हातात बरंच काही होतं. पण ती ज्या जागी उभी होती ती जागा बरोबर होती, आणि गणितात एवढं पुरतं.

तिनं आईची रांग जशीच्या तशी प्रोग्रॅममध्ये उतरवली. पत्ता विचारायचा, ठरलेला वेळ थांबायचं. उत्तर नाही आलं तर ते काम बाजूच्या वेगळ्या रांगेत सरकवायचं, म्हणजे बाकीचे हात मोकळे. पूर्वी मिळालेला शेवटचा चांगला पत्ता जपून ठेवलेला असेलच, तो वापरून मागणी पाठवायची, आणि पुढं पिवळी खूण करायची, की हा जुना पत्ता आहे, मागून खात्री करा. आणि ‘असं नावच नाही’ हे स्पष्ट उत्तर आलं, तरीसुद्धा यादीतून काढण्याआधी माणसानं फोन करायचा. हंडा उपडा करण्याआधी घराला कुलूप आहे का ते बघून यायचं.

शुक्रवारी सकाळी तिनं ते चालवून बघितलं आणि ते फसलं. पुंजारामचा टँकर आमच्या दारात आला हे खरं, पण नोंदणी पुन्हा रेंगाळली. चक्र परत आलं. हिमांशू टेबलावर बोटं वाजवत म्हणाला, “मर्यादा घातली होतीस ना?”

“दोन सेकंद.”

“मग?”

ती तशीच उठली. घरी आली आणि माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं राहून शेंगा सोलायला लागली. ती बोलत नसली की शेंगा सोलते. परात अर्धी भरल्यावर म्हणाली, “काकू, दोन सेकंद म्हणजे कशाचे दोन?”

“मला काय विचारतेस? तूच घातलेस.”

“प्रत्येक हाकेचे. आपला सर्व्हर एकाला विचारतो, तो गप्प राहिला की दुसऱ्याला विचारतो. प्रत्येकाला दोनदा. अन् पत्ते दोन जातीचे असतात, जुन्या पद्धतीचा अन् नव्या, दोन्ही वेगवेगळे विचारतो.”

“दोन दुणे चार, चार दुणे आठ,” मी म्हटलं. “आठ हाका झाल्या.”

“आईनं एक सांगितली होती. मी आठ मारत बसले, प्रत्येकीला दोन सेकंद थांबून.” ती स्वतःवर इतकी चिडली की सोललेले दाणे टरफलांत टाकले. “गावच्या बाया म्हणतील, ही मनकर्णाबाईची पोरगी का?”

मी दाणे निवडून काढले आणि ती वर गेली. दोन सेकंद ठेवले, पण सगळ्या हाका मिळून. एकच घड्याळ, पहिल्या हाकेला सुरू होणारं, आणि ते संपलं की जी काही हाक अर्धवट असेल ती तिथंच सोडायची. नुसती सोडायची नाही, तिला सांगायचं की आता कुणी वाट बघत नाही, परत ये. नाहीतर त्या हाका मागं तशाच लोंबकळत राहून हात अडवतात म्हणे. शनिवारी तिनं सगळ्या ठेकेदारांची नावं एकेक करून मुद्दाम गप्प बसवून बघितली. संध्याकाळी खाली आली तेव्हा चेहरा बघूनच मी काही विचारलं नाही. पोळ्या वाढल्या. तिनं पाच खाल्ल्या.

रविवारची सभा तिनं सकाळी पावणेसहाला मागितली होती. तात्यासाहेब म्हणाले होते, अशा वेळी सभेला कोण येणार? मंदिराच्या मागच्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. पाण्याचा प्रश्न असला की लोक उठतात. भिंतीवर प्रोग्रॅमचा पडदा. ठेकेदारांची नावं एकाखाली एक. पुंजाराम पहिल्या ओळीत, टोपी घालून बसलेला.

सहा वाजले. मागण्या पडायला लागल्या. नावांपुढं हिरव्या खुणा. पुंजारामच्या नावापाशी ते क्षणभर थांबलं. मी मनात मोजलं, एक, दोन. पिवळी खूण आली. खाली ओळ, ‘उत्तर आलं नाही, जुन्या पत्त्यावर मागणी पाठवली.’ आणि त्या क्षणभरात बाकीच्या नावांपुढं हिरव्या खुणा पडतच होत्या, एकही थांबली नव्हती. चक्र कुणाच्याच मोबाइलवर नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, “झालं पण माझं.” मग दुसरं, “माझंपण.”

तात्यासाहेब काही सहज मानणारे नव्हते. “त्या मेहुण्यानं आज दुकान उघडं ठेवलं असेल. सांगून ठेवलं असेल तुम्ही.”

“तुम्हीच विचारा,” मोनिका म्हणाली.

त्यांनी आपल्या मोबाइलवरून फोन लावला, आवाज मोठा करून. बराच वेळ वाजला. मग झोपेतला आवाज, “कोण गेलं?”

“कुणी नाही. दुकान उघडलं का तुम्ही?”

“सहाला? मोटारपंप काय दुधासारखा खपतो का?” आणि फोन बंद.

सभागृह इतकं हसलं की मागचे लोक काय झालं म्हणून विचारायला लागले. तात्यासाहेबही हसले, पण सोडलं नाही. “आता दुसऱ्या कुणाचं बंद करून दाखव. मी सांगेन त्याचं.”

“सांगा.”

त्यांनी स्वतःच्या सोसायटीला पाणी देणाऱ्या ठेकेदाराचं नाव घेतलं. खरं सांगते, त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी आदर वाटला. मोनिकानं त्याचं नाव गप्प केलं. पिवळी खूण. मागणी गेली. “आणखी एक,” ते म्हणाले. तेही केलं. “सगळ्यांची.”

“सगळ्यांची?” हिमांशू मागून म्हणाला. “अहो, असं कधी होत नाही.”

“होतं,” मोनिका म्हणाली. “आपण ज्याला पत्ते विचारतो, तो सर्व्हरच गप्प बसला तर.” तिनं सगळी नावं गप्प केली. भिंतभर पिवळं. आणि तरी मागण्या जात होत्या, एकामागून एक, प्रत्येकीला दोन सेकंद आणि वर काही नाही. लोक आपापल्या मोबाइलकडं बघत होते.

तेवढ्यात पुंजारामचा फोन वाजला. त्यानं तो तसाच वर धरला. त्याचा ड्रायव्हर, पडेगावचा, आमच्याकडं वर्षानुवर्षं येणारा. “मालक, आठ मागण्या आल्या. पहिली गाडी भर के निकली. प्रमोदिनीमौसीकी बिल्डिंग पहले है ना?”

“व्हय,” पुंजाराम म्हणाला, आणि मग सभेकडं वळून, “मी जिवंत हाय.”

तात्यासाहेबांनी ठराव स्वतः मांडला. पाळीचा प्रोग्रॅम कायम, मोनिका गायके कायम, आणि महासंघाच्या कुठल्याही पदाधिकाऱ्यानं ठेकेदाराला परस्पर फोन केला तर त्याच्या सोसायटीची पाळी एक वेळ मागं. हे शेवटचं कलम त्यांनी स्वतःहून घातलं. हात वर करा म्हटल्यावर सगळे वर झाले. हिमांशूला हात वर करायचा अधिकार नव्हता, तरी त्यानं केला. बाहेर आल्यावर तो मोनिकाला म्हणाला, “ते एकच घड्याळ सगळ्या हाकांना. मला सुचायला हवं होतं.” ती म्हणाली, “मलापण शुक्रवारी सुचायला हवं होतं.” मग दोघं पोहे खायला गेले. मला कुणी बोलावलं नाही, मी आपणहून गेले.

त्या उन्हाळ्यात आमचा हौद पुन्हा कोरडा पडला नाही. पुढं पाऊस बरा झाला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वसाहतींनी तिचा प्रोग्रॅम मागून नेला, मग जालन्याच्या रस्त्याच्या. तिथून ती पुण्याला गेली, आता तिच्या हाताखाली बारा-पंधरा जण आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाला नोकरी लागल्या दिवशी हंड्याची रांग ऐकावी लागते असं मला कळलंय. मनकर्णाबाई सत्काराला आली होती. लोकांनी तिला संगणकाबद्दल विचारलं. ती म्हणाली, “पोरीनं काय केलं ते मला नाय कळत. पण हंडा उपडा नाय केला, असं म्हणतात.”

मोनिका, आता परत तुझ्याकडं वळते.

सभेच्या आधीच, हिमांशूच्या सांगण्यावरून, महासंघानं पुंडलिकरावांच्या कॉम्प्युटरसाठी एक बॅटरीचं खोकं मागवलं होतं. म्हणजे मेन बंद केलं तरी त्याचा कॉम्प्युटर सकाळपर्यंत चालावा. ते आलं सभा झाल्यावर, आणि कचेरीला कुलूप होतं म्हणून माझ्याकडं ठेवलं. तू म्हणालीस, “काकू, मागवलंच हाय तर त्यांना देऊन येऊ. आपण दोघी एस. टी.नं जाऊ, बाजाराच्या दिवशी, म्हणजे ते पाचला उठलेले असतील. त्यांचा तो कॉम्प्युटर मला एकदा बघायचाय.” मी म्हटलं, येत्या आठवड्यात. मग तुला जालन्याचं काम आलं. मग माझा गुडघा. मग तू पुण्याला गेलीस, आणि जाताना जिन्यात खोक्याला पाय लागला तेव्हा म्हणालीस, “दिवाळीत नक्की.”

परवा पुंजाराम भेटला होता. पुंडलिकराव ठणठणीत आहेत. दुकान वाढवताना अजून मेन बंद करतात. खोकं जिन्याखाली आहे.